कृष्णवेणीअक्काचा उजवा हात

माझ्या जिभेला हाड नाही, असं माझी बायको लग्नानंतर आठवड्याभरातच म्हणाली होती. तेव्हा मी हसलो होतो. कृष्णवेणीअक्काच्या बाबतीत मात्र हसण्यासारखं काही उरलं नाही, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

मी चंद्रमौळी, मेकॅनिक. वेस्ट मांबलममधल्या एका नर्सिंग होमची सगळी मशिनं माझ्याकडे होती. गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची लाँड्री, आणि तिथे कपडे सुकवायचा एक मोठा ड्रायर. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस लागला की मद्रासमध्ये चादरी चार चार दिवस ओल्या राहतात, म्हणून मालकांनी तो जुनाच विकत घेतलेला. चालवायची कृष्णवेणीअक्का. नवरा जॉर्ज टाउनात कागदाच्या दुकानात कारकून होता, तो गेला तेव्हा ही इथे लागली. मुलगी अंबुजा बारावीला होती. तिला शाळेत टीचर झालेली बघायचं, एवढंच अक्काच्या डोक्यात. "अजून चार वर्षं ही नोकरी टिकली की मी सुटले," म्हणायची.

आम्ही दोघंही तंजावरकडचे मराठी. त्या आख्ख्या इमारतीत आमची भाषा तिसऱ्या कुणाला कळत नसे, त्यामुळे आम्ही मनसोक्त भांडायचो. मॅनेजर सुंदर सार समोर उभे असले तरी त्यांच्या टकलाची चेष्टा करायचो. ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, मला भावासारखं रागवायची.

शहाऐंशी सालच्या पावसात तिचा निरोप आला, ड्रायर नीट तापत नाही. मी गेलो, जाळी काढली. कापसाच्या तुसांचा हा एवढा थर साचला होता, तो साफ केला. चार दिवसांनी पुन्हा निरोप. मी हीटरची कॉइल बदलली. पुन्हा निरोप. थर्मोस्टॅट बदलला, मीटर लावून तिन्ही फेज तपासले. सगळं ठीक. मग माझं डोकं फिरलं.

"अक्का, चादरींच्या कडा पिवळ्या पडल्यात. थंड मशिनीत कापड करपतं का गं?"

"मला काय विचारतोस? तास तास फिरवते, तरी हाताला ऊब म्हणून लागत नाही. मेकॅनिक तू का मी?"

"मी. म्हणून सांगतो, मशीन ठीक आहे."

"मग माझं डोकं बिघडलंय म्हण."

तेवढंच म्हणून गप्प बसलो असतो तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी सुंदर सार स्वतः वर आले. मागे दोन आया. करपलेल्या चादरींचा ढीग दाखवून ते मला तमिळमध्ये म्हणाले, "तुम्हाला जमत नसेल तर दुसरा माणूस बोलावतो." वीस वर्षं हे काम केलेल्या माणसाला, तेही आयांच्या देखत. नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या.

मी ड्रायर पंधरा मिनिटं चालवला. थांबल्यावर अक्काने दार उघडलं आणि उजवा तळवा आतल्या पत्र्यावर ठेवला. "बघ," ती मराठीत म्हणाली, "थंडगार." हात तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मी शेजारी बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. पत्रा तव्यासारखा तापला होता.

मी तिचं मनगट धरून हात ओढला. तळवा लालभडक, बोटांच्या मुळाशी फोड धरायला लागलेला. मी का ओढतोय हेच तिला कळेना. कपडा सुकला का हे ती कायम उजव्या हातानेच बघायची. धुतल्या कपड्याला डावा हात पुढे करायचा नाही, अशी सासूची शिस्त होती. म्हणून एका हाताला जे कळतं ते दुसऱ्याला कळत नाही, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

त्या वेळी मला तिची काळजी वाटायला हवी होती. मला वाटलं, मी जिंकलो. मी सुंदर सारांकडे वळलो आणि तमिळमध्ये, चांगलं मोठ्याने म्हणालो, "सार, मशिनीला काही झालेलं नाही. हिच्याच हाताला काही कळत नाही. बघा, भाजलं तरी पत्ता नाही."

दवाखान्यातल्या माणसांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दोन्ही आया मागे सरकल्या. एकीने हातातली चादर खाली टाकली. संध्याकाळी अक्काला निरोप मिळाला, उद्यापासून येऊ नका.

सरकारी इस्पितळात कुष्ठरोगाचं निदान झालं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर कळलं, बोटं शाबूत राहतील. गोळ्या सुरू झाल्यावर हिच्यापासून कुणाला धोका नाही, असं त्यांनी लिहूनही दिलं. तो कागद घेऊन मी सुंदर सारांकडे गेलो. त्यांनी दोनदा वाचला. "मला पटतं हो," ते म्हणाले, "पण आया तयार नाहीत. त्यांनी तुमच्याच तोंडून ऐकलंय."

अंबुजाची बारावी पुरी झाली नाही. गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात ती पॅकिंगला लागली. माझी बायको म्हणते, तुमच्यामुळे अक्काची बोटं तरी वाचली. असेल. पण तेवढ्याने काही मला झोप लागत नाही.

वर्षभराने धीर करून मी अक्काच्या घरी गेलो. हात बरा दिसत होता. मी म्हणालो, "अक्का, चुकलो."

"खोटं कुठे बोललास?" ती म्हणाली. "पण आपल्या भाषेत का नाही बोललास रे? मी गुपचूप रजा टाकली असती, गोळ्या घेतल्या असत्या, परत कामावर आले असते. तिथे कुणाला कळणार होतं?"

आतून अंबुजाने तमिळमध्ये विचारलं, कोण आलंय.

"ड्रायरचा मेकॅनिक," अक्का तमिळमध्येच म्हणाली.