भावजींचा लाल फिल्टर

माझ्या धाकट्या दिरांना टेम्पोच्या अड्ड्यावर सगळे ‘ॲव्हरेज’ म्हणत. समोरच्याची तब्येत विचारायच्या आधी ते त्याच्या गाडीचं ॲव्हरेज विचारत, म्हणून. आमच्या भावजींची उमर दुसऱ्यांच्या गाड्या हाकण्यात गेली. केस पांढरे झाल्यावर कुठे स्वतःचा टेम्पो दारात आला. खडीच्या क्रशरवरून माल वाहायचे. टेम्पोला जपायचे तर असे, की जाऊबाई म्हणायची, "मला वेगळी सवत कशाला हवी, हीच पुरे."

मी चार बुकं शिकलेली. इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही. पाहिलं तेवढं लिहिते.

एका दुकानदाराने भावजींच्या गळ्यात लाल कापडी जाळीचा एअर फिल्टर मारला. कंपनीचा कागदी काढा, हा बसवा, इंजिन मोकळा श्वास घेईल, डिझेल कमी खाईल. थोड्याच दिवसांत भावजी नाचत आले.

"वहिनी, वाढलं ॲव्हरेज!"

जाऊबाई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वाढेल नाही तर काय. वरातीत चालवल्यासारखी चालवताय. काल सायकलवाला पुढे गेला."

"तुला काय कळतंय इंजिनातलं?"

"इंजिनातलं नाही, तुमच्या पायातलं कळतं."

हा फिल्टर धुऊन, वाळवून, त्याचं खास तेल लावून बसवायचा असतो. पण भावजी पडले टापटिपीचे. तेलावर धूळ बसून फिल्टर कळकट व्हायचा, ते त्यांना बघवेना. त्यांनी तेल लावणंच सोडलं. रोज साबणाने धुवायचे आणि कोरडा करून बसवायचे. मला कौतुकाने दाखवायचे. मलाही तो छानच दिसायचा. धूळ धरून ठेवायलाच ते तेल असतं, हे आम्हाला कुणी सांगावं? फिल्टर लखलखत राहिला आणि क्रशरची पिठासारखी भुकटी सरळ इंजिनात जात राहिली.

आधी टेम्पो ऑइल प्यायला लागला. मग निळा धूर. मग चढावर दम लागायला लागला. मिस्त्रीने इंजिन खोललं, सिलिंडरच्या आतून बोट फिरवलं.

"काका, पॉलिश पेपरने घासल्यासारखं झालंय. फिल्टरला तेल लावत नव्हता?"

"स्वच्छ ठेवत होतो. रोज धुवायचो हो!"

मिस्त्री फडक्याला हात पुसत राहिला.

"पण ॲव्हरेज वाढलं होतं," भावजी म्हणाले. आवाज पार खाली गेलेला.

"कागदी फिल्टर धड असेल तर दुसरा लावून काही वाढत नाही, काका. तुम्ही हळू चालवली असेल."

जाऊबाई शेजारीच उभी होती. तोंडाची एवढी चुरचुरीत बाई, पण मिस्त्रीला एवढंच विचारलं, "नव्या इंजिनाला किती लागतील?"

नवं इंजिन झेपणारं नव्हतं. टेम्पो भंगारात द्यायचा ठरला. भंगारवाला गाडी आणि दोरखंड घेऊन आला. ओढून नेताना मागच्या गाडीत ब्रेक दाबायला माणूस लागतो, तोही त्याने आणला होता.

"त्याला नको," भावजी म्हणाले. "हिचा ब्रेक खोल लागतो, त्याला जमायचं नाही."

स्वतःच चढून बसले. सवयीने आरसा पुसला. दोरखंड ताणला, बंद पडलेला टेम्पो हलला आणि भावजी स्टिअरिंग नीट धरून, वळणावर हात बाहेर काढून मागच्यांना इशारा देत निघून गेले.

संध्याकाळी पायी परत आले. जाऊबाईने पाणी दिलं.

"उद्यापासून क्रशरवर गाड्या भरायला जातो," म्हणाले, आणि तांब्या तसाच खाली ठेवला.