सात जास्तीच्या बायका

लग्नानंतर आठ वर्षांनी मी अकरावीला नाव घातलं, तेव्हा गणितातलं संभाव्यतेचं प्रकरण काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "पुस्तक ठेव बाजूला. गावातल्या चाळीस बायकांना विचारून ये, शिवण शिकायचंय का, स्कूटी शिकायचीय का."

वही घेऊन मी तामलवाडीत घरोघर हिंडले. खुरपणीवरून परतलेल्या बायका पदराला हात पुसत उत्तरं देत होत्या. एकीनं तर आधी विचारलं, "गाडी आणलीस का?"

संध्याकाळी मोजलं. शिवण पंचवीस, स्कूटी बावीस. बेरीज सत्तेचाळीस! भेटले होते चाळीसच जणींना. तीनदा मोजलं, तरी सात बायका जास्तच. अगदी रडकुंडीला आले.

सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांना आम्ही आत्या म्हणतो.

"माझं नाव कशात लिवलंस?" त्यांनी विचारलं.

"शिवणात."

"आन् स्कूटीत न्हाय?"

पाहिलं, तर तिथंही होतं. "आत्या, तुम्ही दोन्ही सांगितलंत?"

"व्हय मग! शिवलेलं तुळजापूरला न्यायचं कशावर?"

मी उडालेच. झरझर नावं ताडून पाहिली. आत्यांसारख्या बारा जणी दोन्हीकडं होत्या, म्हणजे दोनदा मोजल्या गेल्या होत्या. सत्तेचाळीसातून बारा गेल्या, उरल्या पस्तीस. पाच जणींना काहीच नको होतं. चाळीस नावांच्या चिठ्ठ्यांतून डोळे मिटून एक उचलली, तर काहीतरी शिकायचं असलेली बाई निघण्याची संभाव्यता चाळिसात पस्तीस, म्हणजे आठात सात. दोन्ही हवं असलेली निघण्याची चाळिसात बारा. पुस्तकातलं सूत्र हेच तर सांगत होतं: दोन्हींची बेरीज करा आणि दोन्हीकडचे एकदा वजा करा!

दुसऱ्या दिवशी फळ्यावर एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं काढली आणि मधल्या जागेवर बोट ठेवून म्हटलं, "इथं माझ्या सासूबाई आहेत." वर्ग हसून लोटपोट झाला. मॅडमही हसल्या, आणि रविवारी स्वतःची स्कूटी घेऊन आमच्या दारात आल्या.

आत्यांनी लुगडं खोचलं. शाळेच्या मैदानावर दोन फेऱ्या बऱ्या गेल्या, तिसरीला त्या थेट कडेच्या कडब्याच्या गंजीत घुसल्या. केसांतला कडबा झटकत, लई खुशीत उठल्या आणि मला म्हणाल्या, "चाळीस जणींना इचारलंस. तुला कुणी इचारलं का गं?"

खरंच, कुणीच विचारलं नव्हतं.

"बस," त्या म्हणाल्या. मी बसले. मागनं गाडी धरून आत्या पळत होत्या.