बावीस फुटांची कॅरॅव्हॅन आणि सासूबाईंचे गुडघे

मोठी होती. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला मध्येच थांबवून "पण आजी, पाच माणसांना एवढी मोठी कशाला?" असं कुणी विचारायला नको. नातवंडांनी विचारून झालंय, सुनेने विचारून झालंय, आणि ज्यांना ती मोटारीच्या मागे ओढत न्यावी लागली त्यांनी तर परत येईपर्यंत विचारलं. मी ती मागितली होती, आणि आज मागायची वेळ आली तर पुन्हा तीच मागेन.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. आम्ही सिंगापुरात तोआ पायोहला सातव्या मजल्यावर राहायचो. हे, मी, मुलगी, मुलगा आणि माझ्या सासूबाई. हे पूर्वी बोटीवर चीफ इंजिनिअर होते. मग एकदाचे जमिनीवर आले आणि जहाजदुरुस्तीच्या यार्डात लागले. त्या वर्षी शाळांच्या डिसेंबरच्या सुट्टीत ह्यांनाही सुट्टी मिळाली. हा योग आमच्या संसारात तोवर आला नव्हता. ठरलं की ऑस्ट्रेलियात पर्थला जायचं, तिथे मोटार आणि कॅरॅव्हॅन भाड्याने घ्यायची आणि समुद्राच्या कडेकडेने भटकायचं. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. त्याला स्वतःचं इंजिन नाही, मोटारीच्या मागे अडकवायचं आणि ओढायचं. आत पलंग, शेगडी, टेबल, पाण्याची टाकी, सगळं.

भाड्याने देणाऱ्यांनी रंगीत माहितीपत्रक पाठवलं होतं. त्यात दोनच मापं होती, एक चौदा फुटांचं आणि एक बावीस. ह्यांनी पेन्सिल घेतली आणि चौदा फुटांत आम्हा पाचांना बसवून टाकलं. मागचा मोठा पलंग खाली असतो, तो सासूबाईंना आणि मुलीला, कारण सासूबाईंचे गुडघे दुखायचे. बाजूला एकावर एक दोन बंक, खाली हे, वर मुलगा. उरले मी. तर जेवायचं टेबल रात्री खाली पाडायचं, बाकांवरच्या गाद्या त्यावर सरकवायच्या, की झाला माझा पलंग.

"बसतंय की सगळं," हे म्हणाले. "बावीस फूट कशाला? उगाच मोठी."

मी म्हटलं, "आईंच्या गुडघ्यांना जरा मोकळी जागा हवी हो."

आता तेव्हाच्या मला जरा बघून घ्या, कारण असं ध्यान पुन्हा दिसायचं नाही. बॉयकट केलेला, खांद्याला लाल पर्स, तिथल्या मेट्रोच्या, म्हणजे MRTच्या, सरकत्या जिन्यावर उजवीकडून चालत पुढे जाणारी बाई. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांना 'सेल्फ-रिस्पेक्ट'वर भाषण द्यायची. आणि ह्या रणरागिणीने लग्न झाल्यापासून स्वतःच्या नावाने घरात एक चमचा मागितला नव्हता. वॉशिंग मशीन आलं ते मुलांच्या युनिफॉर्मसाठी. सोफा आला तो पाहुण्यांसाठी. एअरकंडिशनर आला, कारण ह्यांना यार्डात उन्हात उभं राहावं लागतं बिचाऱ्यांना. दर मे महिन्यात मुंबईहून येणाऱ्या कुणाकडून तरी हापूसची पेटी मागवायची, ती सासूबाईंना आवडतो म्हणून. सासूबाईंना मधुमेह होता. पेटी कोण खायचं ते काही वेगळं सांगत नाही.

महिन्यातून एकदा आम्हा मराठी बोटवाल्यांचं जेवण टॅम्पिनीसला एका कॅप्टनच्या घरी असायचं. प्रत्येकीने एकेक पदार्थ न्यायचा. त्या महिन्यात जेवणापेक्षा आमची कॅरॅव्हॅनच जास्त चघळली गेली. सगळ्या पुरुषांचं एकमत होतं की बावीस फूट म्हणजे अति झालं. ही माणसं आगबोटींतून जगभर फिरलेली! अर्थात बंदरात शिरताना पुढे ओढायला टगबोट आणि शेजारी वाट दाखवायला बंदराचा पायलट असतो, तो पर्थला मिळत नाही, म्हणून घाबरली असतील.

"वहिनी, बावीस फूट म्हणजे आमची लाइफबोट झाली," कॅप्टन म्हणाले. "त्यात आम्ही पस्तीस माणसं बसवतो."

ह्यावरचं उत्तर मला सुचलं, पण परत जाताना, त्यांच्या लिफ्टमध्ये. बसवता, पण झोपवता का? तिथे जेवणाच्या ताटावर मात्र मी काय म्हटलं असेल? "माझं काही नाही हो भाऊजी. पण आईंचे गुडघे..." कोपऱ्यात भात कालवत बसलेल्या सासूबाईंचा हात तेवढा थांबला. मी काही लक्ष दिलं नाही.

घरी येऊन पुन्हा तेच सुरू झालं. शेवटी मी ह्यांना म्हटलं, "तुमच्या यार्डात पोलादाची प्लेट कापण्याआधी तिचा आकार जमिनीवर पूर्ण मापात काढून बघतात ना? मग ही काढून बघा की. कागदावर काय, हत्तीपण बसतो."

हे त्यांना पटलं. इंजिनिअरला मोजायला सांगितलं की तो भांडण विसरतो.

रविवारी दुपारी आम्ही खाली उतरलो. सिंगापूरच्या सरकारी इमारतींचा तळमजला नुसता खांबांवर मोकळा सोडलेला असतो, त्याला व्हॉइड डेक म्हणतात. तिथे मलायी लोकांची लग्नं लागतात, चिनी लोकांची प्रेतं दर्शनाला ठेवतात, तेव्हा आमच्या कॅरॅव्हॅनचं कुणाला काय वाटणार? ह्यांनी टेप धरली आणि मी रांगोळीने रेघा ओढल्या. चौदा फूट. दार, शेगडी, पलंग, बंक आणि टेबल. टेबलाच्या जागी मुलांचं घडीचं टेबल आणि दोन स्टुलं ठेवली, पलंगाच्या जागी चटई अंथरली. वरचा बंक जमिनीवर काढता येत नाही, म्हणून मुलगा खांबाला टेकून उभा राहिला आणि "मी हवेत आहे" म्हणाला.

मुलगी चौदा वर्षांची, तिची मान खाली ती खालीच. आमची मुलं वाक्यामागे सिंगापुरी 'लाह' लावायची, तसंच म्हणाली, "आई, प्लीज लाह! माझ्या क्लासमधला मुलगा ह्याच ब्लॉकमध्ये राहतो."

"मग त्यालाही बोलाव. पण झोपायला जागा नाही म्हणावं."

पाचव्या मजल्यावरचे निवृत्त चिनी अंकल प्लॅस्टिकच्या पिशवीतली कॉफी नळीने ओढत तिथून चालले होते. त्यांनी सगळा नकाशा बघितला, रांगोळीच्या दारापाशी आले, हवेत टकटक केलं आणि दारातूनच आत शिरले. आमच्यापैकी एकालाही ते सुचलं नव्हतं, आम्ही भिंतींतून ये-जा करत होतो. "व्हेरी नाइस," ते म्हणाले. "किचन ऑल्सो गॉट." मग टेबलाशी बसले. समोर हे बसले. दोघांचं इंजिनांवर सुरू झालं.

थोड्या वेळाने ह्यांनी जाहीर केलं, "चला, रात्र झाली. सगळे आपापल्या जागी."

सासूबाई चटईवर आडव्या झाल्या. शेजारी मुलगी तोंडावर ओढणी घेऊन पडली. मुलगा हवेत डोळे मिटून घोरायला लागला. मी हातावर चादर घेऊन शेगडी आणि टेबलाच्या मधल्या पट्टीत उभी राहिले. पट्टी म्हणजे काय, एका माणसाने वाकायचं ठरवलं तर दुसऱ्याने बाहेर जायचं, एवढी.

"अगं, उभी का? झोप ना," हे म्हणाले.

"कुठे?"

"कुठे म्हणजे? टेबलावर."

"टेबलावर तुम्ही आहात."

"हो का? मग दोन मिनिटं थांब. अंकलचं एवढं सांगून होऊ दे."

मी थांबले. अंकलनी बंदरातल्या कुठल्या तरी जुन्या बोटीच्या बॉयलरबद्दल सांगितलं, ह्यांनी आपला बॉयलर सांगितला. एवढ्यात मुलाने हवेतून डोळे उघडले. "सकाळ झाली! आई, ब्रेकफास्ट लाह, फास्ट!"

आणि माझे पाय, देवाशपथ, शेगडीकडे वळले. रांगोळीची शेगडी! तिच्यापुढे उभी राहून ती सेल्फ-रिस्पेक्टवाली बाई आता काय करणार होती, पोहे परतणार होती का, कुणास ठाऊक. आठवलं की अजून स्वतःला एक धपाटा घालावासा वाटतो.

चटईवरून सासूबाई उठून बसल्या. "अगं, रात्र सरली म्हणतात. तू झोपलीस कुठे?"

"मी काय हो आई, मी कुठेही पडेन. माझं काही नाही. तुमच्या गुडघ्यांना मात्र इथे..."

"माझ्या गुडघ्यांना छान झोप लागली," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढवलाही नाही. "त्यांना चौदा फूट पुष्कळ झाले. गेला महिनाभर ऐकतेय मी. त्यांनी बावीस फूट मागितलेत हे मला चार लोकांत भात कालवताना कळलं! मी काय तुझ्या अर्जावर उठवायचा अंगठा आहे? तुला हवी असेल तर तुला हवी म्हण. नको असेल तर झोप टेबलावर. पण माझे गुडघे मध्ये आणायचे नाहीत."

मुलीने तोंडावरची ओढणी काढली. हे माझ्याकडे बघायला लागले. मराठी कळत नसूनही अंकलनी कॉफी ओढायची थांबवली.

मला इतका राग आला की विचारू नका. इतकी वर्षं ह्या बाईचं पथ्यपाणी केलं, तिच्या औषधांच्या वेळा सांभाळल्या, आणि ती अशी चव्हाट्यावर! वर जाऊन दार लावून घ्यावं असं वाटलं. पण त्यासाठी ह्यांना टेबलावरून उठवावं लागलं असतं, वाट तिथूनच होती. आणि एकदम मला दिसलं की पर्थलाही पंधरा दिवस हेच असणार. ह्यांचं बोलून होईतो थांबायचं, मग अंथरायचं. पहाटे कुणाला तरी चहा हवा की माझं अंथरूण काढायचं. सगळ्यांच्या नंतर झोपायचं, सगळ्यांच्या आधी उठायचं, आणि त्याला सुट्टी म्हणायचं.

"मला मोठी हवी," मी म्हटलं. नको तेवढं जोरात निघालं. खांबांमधून घुमलं.

"का?" हे म्हणाले.

आणि गंमत बघा, मला नेहमीसारखं कुणाचं नाव सापडेना. "कारण मला पलंग हवाय. दिवसभर पलंगच राहील असा. मोठीत आहे, पुढे खिडकीखाली. टेबल टेबलच राहतं. मी बघितलंय."

"अगं, पण ह्यात पाच जण मावतायत ना?"

"चार जण झोपतायत. पाचवी वाट बघतेय."

"ती बावीस फुटी मला मागे घेता यायची नाही."

"मग पुढे जा," चटईवरून सासूबाई म्हणाल्या.

"आई, तू गप्प बस. पेट्रोल किती खाईल? वारा सुटला तर किती हेलकावेल? आणि रस्त्यात वळवायची कशी?"

"ते तुम्ही बघा," मी म्हटलं. "इंजिनिअर कोण आहे?"

मी रांगोळीचा डबा उचलला आणि मोठी काढायला घेतली. चौदा फुटांच्या पुढे, खांबाला वळसा घालून, थेट पत्रपेट्यांपर्यंत. टेप ह्यांच्याकडे होती, म्हणून पावलांनी मोजलं. रेघ नागमोडी आली. हे बघत राहिले. मग त्यांच्याने राहवेना.

"हा काटकोन आहे?"

"आहे."

"हा काटकोन नाही." ते उठले, टेप घेऊन वाकले आणि माझी रेघ पायाने पुसली. "मी फक्त माप नीट करतोय हं. घ्यायचीच असं काही नाही."

"नका घेऊ. काढा नुसती."

त्यांनी काढली. इतकी सुबक काढली की अंकल टेबल उचलून नव्या जागी घेऊन आले आणि पुन्हा बसले. खिडकीखालचा पलंग ह्यांनी शेवटी काढला, सहा फूट बाय अडीच. मी चादर त्यावर अंथरली, चपला बाहेर काढल्या आणि आडवी झाले.

फरशी गार होती. डोक्याशी पत्रपेट्या. बाजारहाट करून आलेल्या मलायी शेजारीणबाई भाजीच्या पिशव्या सांभाळत रेघेबाहेरून वळसा घालून गेल्या, आपलं टपाल काढलं आणि विचारलं की मला बरं वाटत नाहीये का. मी म्हटलं, उत्तम वाटतंय. मुलीच्या वर्गातला मुलगाही येऊन गेला म्हणे, मी काही बघितला नाही. मुलीने आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. धरू दे.

"ऊठ आता. लोक बघतायत," हे म्हणाले.

"मग त्यांनाही आत बोलवा. जागा आहे."

"अगं, चहाची वेळ झाली."

"शेगडी तुमच्या डाव्या हाताला आहे."

मुलगा फिदीफिदी हसला. हे कमरेवर हात ठेवून माझ्या पलंगाच्या कडेला उभे राहिले. रेघ ओलांडून आत मात्र आले नाहीत, एवढं मान्य करते. एकदा बावीस फुटांच्या ह्या टोकाकडे बघितलं, एकदा त्या टोकाकडे, मनातल्या मनात बहुतेक ती मागे घेऊन बघितली. तोंड वाकडं झालं. मग म्हणाले, "उद्या ऑफिसातून फॅक्स टाकतो. मोठीचा. बुकिंगला एक नाव द्यायचं असतं. कुणाचं देऊ?"

सवय वाईट असते. सासूबाईंचं नाव अगदी जिभेच्या टोकाशी आलं होतं. तिकडे चटईवर त्या गुडघे चोळत बसल्या होत्या आणि मान तिरकी करून माझ्याकडेच बघत होत्या.

"माझं," मी म्हटलं, आणि भिंतीकडे कूस बदलली.