मार्क म्हणजे काय

शिरूरच्या कॉलेजातल्या सरांनी माझं नाव सुचवलं, म्हणून भाषांतराचं ते काम माझ्यापर्यंत आलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या फुटबॉलमध्ये गोलांचा विक्रम करणाऱ्या एका खेळाडूचं चरित्र होतं. पुण्याच्या प्रकाशकबाईंनी नमुना म्हणून एक प्रकरण दिलं. ते पसंत पडलं तर अख्खं पुस्तक माझं. घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, त्यामुळे आई-आप्पांना वाटायचं, हिला इंग्रजी येतं. मलाही तसंच वाटत होतं.

पहिल्याच पानावर होतं की त्या दिवशी त्याने अकरा मार्क घेतले आणि सात गोल केले. मी लिहिलं, 'अकरा गुण मिळवले.' शाळेपासून मार्क म्हणजे गुणच. पण पुढे होतं, एका गोलाचे सहा गुण. सात गोलांचे बेचाळीस. मग हे अकरा कुठले? त्याचे तीन 'बिहाइंड'ही होते. मी लिहिलं, 'तो तीनने मागे होता.' पुढच्याच ओळीत त्याचा संघ जिंकत होता. विक्रमी गोल झाल्यावर प्रेक्षक कुंपण ओलांडून मैदानात धावले. ते का चिडले, तेही कळेना.

तसंच पाठवून दिलं, पण मन थाऱ्यावर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर तोच सामना शोधून लावला. पाटसच्या कारखान्यातून रिटायर झालेले आप्पा शेजारी येऊन बसले.

"ह्यो कंचा खेळ? हातानं बी खेळत्यात आन् पायानं बी."

"फुटबॉलच हाय, आप्पा."

"आन् बाजूच्या खांबातनं गेला तरी त्यो पंच झेंडा कशाला हालवतोय?"

मी नियम शोधून वाचला. "त्यालाच बिहाइंड म्हणतात. गोल चुकला तरी एक गुण."

"बरं हाय की! तुझ्या गणिताच्या मास्तरला न्हाई सुचलं."

तेवढ्यात आमच्या खेळाडूने उंच उडी मारून चेंडू धरला. सगळे थबकले.

"बघ, वरच्यावर धरला की कुनी आडवत न्हाई. मग निवांत मारतोय. त्या धरन्यालाच कायतरी म्हनत असत्याल."

मार्क! अकरा वेळा त्याने चेंडू धरला होता. शेवटी लोक मैदानात घुसले, तेव्हा आप्पा म्हणाले, "भांडान लागलं जनू." पण लोकांनी आमच्या खेळाडूला खांद्यावर घेतलं.

मी लगेच बाईंना फोन करून सगळ्या चुका सांगितल्या.

"मी अजून वाचलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "मग मार्कला काय म्हणणार?"

"झेल."

"झेल? वाचक विचारतील, बाद कोण झालं?"

मी वहीत 'झेल'पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

"हे सोडवा," बाई म्हणाल्या. "पुस्तक तुमच्याकडेच ठेवते."

दुपारभर आप्पा आणि मी दुसरा शब्द शोधत बसलो. तो काही सापडला नाही. शेवटी 'झेल' लिहून खाली तळटीप दिली: या खेळात कोणीही बाद होत नाही.