बिस्किटांच्या डब्यातल्या गोळ्या

मंडळी, आज आटगावला घरी आलेय आणि बाबांकडे बघवत नाहीये.

मी प्रयोगशाळेत खोल समुद्रातल्या बुरशीवर काम करते. जुन्या अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू तिच्या अर्काने मरतात का, ते बघते.

महिन्यापूर्वी बांध घालताना बाबांच्या पायाला फावडं लागलं. जखम भरेना. आज शहापूरहून पुवाचा रिपोर्ट आणला. नेहमीच्या गोळ्या या जंतूंवर चालतच नाहीत. आता दवाखान्यात ठेवून इंजेक्शनं द्यायची.

आईने बिस्किटांचा डबा पुढे केला. आत अँटिबायोटिकच्या अर्ध्यामुर्ध्या उरलेल्या पट्ट्या. "मी चुकले नाय ना गो? तू फोनवर बोललीस, डब्यातल्या दे दोन दिवस. त्याच दिल्या."

हो, मीच बोलले होते. या वेळीही आणि याआधी प्रत्येक तापालाही. अशा अर्धवट डोसांनीच जंतू निर्ढावतात, हे माहीत असूनही. कामात होते, पटकन फोन ठेवायचा होता.

बाबा हसून आईला म्हणाले, "घाबरतेस कशाला? पोरगी औषध बनवतेय ना समुद्रातलं."

त्यांना कसं सांगू, माझं औषध अजून काचेच्या बशीबाहेर आलेलं नाही?

तुमच्या घरी आहे असा डबा? आणि त्यातल्या गोळ्या घ्यायला फोनवर कोण सांगतं?