पाण्याचे एक्कावन्न थेंब

वस्तीतल्या सभांमध्ये मी एक गोष्ट वीस वर्षं सांगत आलो. साहेबाच्या वहीत सही करायला मी कसा नकार दिला, ती. लोक टाळ्या वाजवायचे. त्या गोष्टीचा आधीचा अर्धा भाग मी कुणालाच सांगितला नाही. बायकोलासुद्धा नाही. तो आज लिहितो.

कारखान्यात शाईचे तीन खरेदीदार समोर बसले होते. मधे टेबलावर काचेची नळी. नळीशेजारी वैशाली, हातात पेन. प्रयोगशाळेचे साहेब खरेदीदारांकडे वळून शांतपणे म्हणाले, "यांच्या हातचं पाणी आमच्याकडे पूर्वी का चालत नव्हतं, ते आज शास्त्राने सिद्ध झालं."

एक खरेदीदार हसला. मग दुसरा. मग मी.

हो, मीही हसलो. मी आणि वैशाली एकाच समाजाचे.

कारखाना नगर रोडला होता, वाघोलीच्या अलीकडे. तिथे प्रिंटरची शाई बनायची. पुण्यात तेव्हा जिकडेतिकडे कॉम्प्युटरची ऑफिसं उघडत होती आणि सगळ्यांना शाई लागत होती. प्रयोगशाळेत मी काचेची भांडी धुवायचो. अकरा वर्षं. काच साफ झाली की पाणी तिच्यावरून सलग पसरून उतरतं. थेंब थांबला की समजायचं, कुठेतरी तेलकट राहिलंय. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. एकदा साहेबांना विचारलं, मी मोजून बघू का? ते म्हणाले, "तुझं काम नळी धुणं. नळीत काय जातं ते तुला कशाला?"

मग वैशाली आली. वर्ध्याकडची, बी.एस्सी. पहिल्याच महिन्यात साहेबांनी तिला मोजायच्या टेबलावर बसवलं. मला आनंद व्हायला हवा होता. आपली पोर टेबलावर बसली. पण मी आतून जळलो. माझ्या आधी? मी धुतलेल्या नळ्यांनी?

सगळ्यात वाईट म्हणजे ती चांगली होती. जेवणाच्या सुट्टीत मला बोलावून म्हणायची, "या ना भाऊ, बसा. तुमाले दाखवते." नळीत खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत पाणी ओढायचं आणि खाली सोडून थेंब मोजायचे. "थेंब लगेच पडत नाही, पाहा. टोकाला लोंबतो. पाण्याचा पृष्ठभागच त्याला ओढून धरतो. ही ओढ म्हणजे पृष्ठताण. ओढ जास्त, तर थेंब मोठा. थेंब मोठा, तर तेवढ्याच पाण्याचे थेंब कमी." आमच्या नळीत पाण्याचे चाळीस भरायचे, शाईचे चौसष्ट. पाण्याच्या ओढीचा आकडा ठरलेला, बहात्तर. बहात्तर गुणिले चाळीस, भागिले चौसष्ट. पंचेचाळीस. शाई पाण्यापेक्षा थोडी जड, म्हणून एक पूर्णांक चार शतांशाने गुणायचं. सेहेचाळीस पूर्णांक आठ. एवढंच.

एवढंच! अकरा वर्षं मी ह्या एवढ्यासाठी झुरत होतो, आणि तिने ते डबा खाता खाता दिलं. त्याचाही राग आला. उपकार वाटला असता तर मी माणूस ठरलो असतो.

खरेदीदार आले त्या दिवशी आधी साधं पाणी मोजून दाखवायचं होतं. नळी बरोबर आहे हे त्यांना पटावं म्हणून. सकाळी नळी मी धुतली. पाणी सलग उतरलं. मग मी डोक्यावरून हात फिरवला. खोबरेल होतं. ते बोट नळीच्या टोकावर फिरवलं. एकदाच.

पाण्याचे थेंब बारीक पडू लागले. चाळीस झाले तरी थांबेनात. एक्कावन्न. आकडा आला साडेछप्पन्न. ज्याला बहात्तर माहीत आहे त्याच्यासमोर साडेछप्पन्न.

"वा, मॅडम," साहेब म्हणाले. "पाणीच मोजता येईना, शाई काय मोजणार?"

"सर, नळी परत धुऊन मोजू द्या."

"राहू द्या." आणि मग ते वाक्य. आणि मग आमचं हसणं.

वैशालीने नळीचं टोक बोटाने चोळलं. बोट नाकाशी नेलं. माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. तिने माझं नाव घेतलं नाही. अ‍ॅप्रन काढला, घडी करून खुर्चीवर ठेवला आणि गेली. पुन्हा आली नाही.

दुपारी साहेबांनी वही पुढे केली. आकडा का चुकला, ते त्यांनीच लिहिलं होतं: मोजणाऱ्याचे हात अस्वच्छ. "साक्षीदार म्हणून सही कर. उद्यापासून टेबल तुझं."

टेबल माझं. मी ते वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. उद्या तिथे माझेही हात येणार होते, आणि हेच वाक्य माझी वाट बघत बसणार होतं. तिला म्हटलेलं 'यांच्या' मलाही धरूनच होतं. मी हसलो होतो ते गावच्या विहिरीवर मज्जाव असलेल्या माझ्याच आईच्या हंड्याला.

"तिचे हात स्वच्छ होते, साहेब."

"मग कुणाचे घाण होते?"

मी वही त्यांच्याकडे परत सरकवली.

"सही कर."

"नाही करणार."

"मग बस जन्मभर बाटल्या धूत."

"धुईन. सही नाही करणार."

सभेत मी एवढंच सांगायचो. 'मग कुणाचे' हा प्रश्न गाळून. साहेब नीच होता, ते खरंच. पण त्याला पाणी नासवून दिलं मी. नकाराची टाळी घेतली मी. नोकरी गेली तिची.

गेल्या जूनमध्ये मुलीच्या प्रवेशासाठी वाघोलीच्या एका कॉलेजात गेलो. भिंतीवर नावांची पाटी होती. रसायनशास्त्र विभागप्रमुख: वैशाली. नावाआधी डॉक्टर. मला हायसं वाटायला हवं होतं. पुन्हा तसाच जळलो. जिन्यावरूनच परत फिरलो. मुलीला म्हणालो, हे कॉलेज नको. मुलगी म्हणाली, "बाबा, का पण?" मी रिक्षाला हात केला.

आता सभेत ती गोष्ट अर्धी सांगणार नाही. सोमवारी मुलीला घेऊन त्याच कॉलेजात जाणार आहे. वैशाली हाकलून देईल, तर तेही मुलीसमोर होऊ दे. तिने माफ करावं म्हणून जात नाही. चारचौघांत तिचा अपमान झाला. चारचौघांतच मी तिला कबुली देणं लागतो. ती अजून दिलेली नाही.