नीलमताईंच्या मोबाईलमधला फोटो

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, आजही नाही. मी पनवेलला मेडिकलच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. औषधं, बॅच नंबर, एक्स्पायरी... एवढंच माझं जग. तरी जे घडलं ते लिहून काढतेय, कारण सांगायला घरात कुणी नाही.

आई गेल्यावर दहा महिन्यांनी, जुलैमध्ये मी पहिल्यांदा एकटी बाहेर पडले. पाठीवर सॅक आणि दोन दिवसांची सुट्टी. म्हसळ्याच्या आतल्या बाजूला एक प्रसिद्ध धबधबा आहे. (नाव देत नाही, तिथल्या लोकांना उगाच त्रास नको.) रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून मुद्दाम बुधवार धरला.

म्हसळा स्टँडवर उतरले तर चाळिशीच्या एका बाईने लांबूनच हात केला.

"आलीस! मला वाटलं, या वर्षी काय तू येत नाहीस."

मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

त्यांच्या सॅकवर नाव लिहिलेलं होतं – नीलम, चौल. त्यांचा माणूस चुकतोय हे मला कळलं होतं, आणि तेव्हाच सांगायला हवं होतं. पण "आलीस" असं मला कित्येक महिन्यांत कुणी म्हटलं नव्हतं... मी नुसती हसले आणि त्यांच्याबरोबर गावाच्या एसटीत चढले.

गावापासून धबधबा दीड तासाच्या चालीवर आहे. नीलमताई शाळेत शिकवतात, एकट्याच राहतात, दर पावसाळ्यात इथे येतात. त्या भरभरून बोलत होत्या, आणि मीही किती दिवसांनी एवढी बोलले!

धबधब्यासमोरच्या कातळावर बसून त्यांनी डबा उघडला. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी.

"घे, तुझ्यासाठी बिनलसणाची केलीय. तुला सोसत नाही ना."

मला लसूण खरंच सोसत नाही. माझा हात तिथेच थांबला.

"आणि आई कशी आहे गं?"

"गेली..." मी म्हटलं.

त्यांनी मला जवळ घेतलं. "तेव्हा तिला नुसती पेजच जायची ना? मीठ न घालता, कोमट. तू सांगितलं होतंस."

ते फक्त मला आणि आईला ठाऊक होतं. नर्सलासुद्धा नाही. मी एकदम बोलून गेले, "ताई, मी गेल्या वर्षी इथे नव्हते. मी तुम्हाला आज पहिल्यांदा भेटतेय."

त्या हसल्या. "चेष्टा करतेस?" त्यांनी मोबाईल काढून फोटो दाखवला. हाच धबधबा, नीलमताई आणि शेजारी – मी. हनुवटीवरचा लहानपणीचा व्रणसुद्धा तसाच. अंगात पिवळा रेनकोट, जो माझ्याकडे कधीच नव्हता. मी तारीख बघितली. आईच्या ऑपरेशनचा दिवस! त्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत मी पनवेलच्या हॉस्पिटलात बाकावर बसून होते.

हे सांगितलं तशा नीलमताई माझ्यापासून हळूच दूर सरकल्या. डबा बंद केला. उतरताना त्या पुढे, मी मागे. हाक मारली तर आणखी भराभर चालू लागल्या.

गावातल्या पहिल्या घराशी एक म्हातारी बाई तांदूळ निवडत बसली होती. मी थांबून विचारलं, "आजी, तुम्ही मला ओळखता?"

"व्हय तर! गेल्या सालाला याच ओटीवर च्या प्यायलीस ना, बाय? आईचं सांगून किती रडलीस... ही बाईच व्हती संगती."

नीलमताई थांबल्या नाहीत. मागच्या एसटीने म्हसळा स्टँडवर गेले तेव्हा चौलकडे जाणारी गाडी सुटत होती. त्या खिडकीत बसल्या होत्या. मी काचेजवळ गेले तर त्यांनी डोळे मिटून घेतले. अशी भीती मी आजवर कुणाच्या चेहऱ्यावर पाहिली नव्हती – आणि ती मला पाहून होती.

फोन नंबर मागायचा राहिला. चौलच्या दोन शाळांत विचारून पाहिलं, नीलम नावाच्या शिक्षिका कुणाला माहीत नाहीत. कदाचित त्यांनीच सांगू नका म्हटलं असेल.

तर्क खूप झाले. माझ्यासारखी दिसणारी कुणी असेल म्हणावं, तर लसूण? पेज? कशाचाच मेळ बसत नाही.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. आईच्या आजारपणात, नंतर, अगदी स्मशानातही मला रडू आलं नाही. आणि ती जी कोण होती, ती त्या ओटीवर बसून पोटभर रडून गेली.